घरातला ई-कचरा मुंबईत द्यायचा कुठे आणि कसा? सारखे विचारले जाणारे प्रश्न

गोरेगावात आम्ही काही जण अधूनमधून सोसायट्यांमधून ई-कचरा गोळा करतो, आणि हे कळल्यापासून फोनवर तेच तेच प्रश्न येत असतात, नातेवाईकांचे, शेजाऱ्यांचे, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचे. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकलं. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. सोपे आधी, कटकटीचे नंतर. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, तिथे नंबर दिलाय.

१. ई-कचरा म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरच ना? मिक्सर, इस्त्री पण धरायची का?

धरायची. प्लग लागतो, सेल लागतात किंवा चार्जिंगला लावावं लागतं असं काहीही बंद पडलं किंवा नकोसं झालं की ते ई-कचऱ्यात. मिक्सर, गीझर, पंखा, ट्रिमर, दिव्यांच्या माळा, पोरांची रिमोटवाली गाडी, प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिज, सगळं. सध्याचे नियम म्हणजे ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२, हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांच्या यादीत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत, आधीच्या नियमांत फक्त २१ होत्या. शंका आली तर वस्तूच्या मागच्या स्टिकरवर चाकं असलेल्या कचऱ्याच्या डब्यावर फुली मारल्याचं चित्र आहे का बघा. त्याचा अर्थच तो, हे साध्या कचऱ्यात टाकू नका.

२. सुक्या कचऱ्यात टाकलं तर नाही का चालणार? छोटासाच चार्जर आहे.

नाही. सुका कचरा जिथे वेगळा करतात तिथे तो माणसं हाताने निवडतात, बहुतेक बायकाच. त्या विकलं जाण्यासारखं उचलतात आणि उरलेलं देवनार नाहीतर कांजूरमार्गच्या डम्पिंग ग्राउंडच्या रस्त्याला लागतं. त्यात फुटलेली ट्यूब किंवा चिरडलेली बॅटरी असली तर पहिला त्रास त्या बाईला. शिवाय आता बऱ्याच गाड्या कचरा दाबून भरतात, आणि दाबाखाली लिथियम बॅटरी फुटली की गाडीतच आग लागू शकते. ब्लूटूथ इयरफोनमध्ये पण तीच बॅटरी असते, त्यामुळे आकारावर जाऊ नका.

३. आमचा भंगारवाला घरी येतो, पैसे पण देतो. त्याला दिलं तर बिघडलं काय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

भंगारवाल्याला शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. या शहरात रद्दी, पत्रा, तांबं, ॲल्युमिनियम वाया जात नाही ते कुर्ला, साकीनाका आणि धारावीतल्या या लोकांमुळेच. त्यांच्या हातून तांब्याचा एक तुकडा पण कचऱ्यात जाणार नाही. भानगड वेगळीच आहे. ज्या भागाला भाव आहे त्याची काळजी तुम्ही करूच नका, तो बरोबर जिथे जायचा तिथे पोचतो. ज्याला भाव नाही त्याचं काय होतं ते विचारा. फ्रिजमधला गॅस, ट्यूबमधला पारा, जुन्या टीव्हीची शिसं असलेली काच, आग लागू नये म्हणून केमिकल मिसळलेलं प्लॅस्टिक, यांना कोणी पैसे देत नाही, मग गॅस हवेत सोडतात आणि काच नाल्याच्या कडेला जाते. भाव असलेला भाग काढायची पद्धत पण कधीकधी वाईट असते. वायरीचं रबर सोलायला वेळ लागतो म्हणून ती जाळतात, सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात, आणि हे करणारा माणूस दहा बाय दहाच्या खोलीत हातमोज्याशिवाय बसलेला असतो. त्याचा काय दोष, त्याला त्या ॲसिडचे पैसे काढायचेत.

नियमाप्रमाणे सगळंच नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवं. पण माझं स्वतःचं मत विचाराल तर जुना पंखा भंगारात गेला म्हणून मी कोणाशी भांडत नाही, त्यात लोखंड, तांबं आणि ॲल्युमिनियमच असतं. फ्रिज, एसी, डबा टीव्ही (मागे पोट असलेला जुना), ट्यूब, कुठलीही बॅटरी आणि आत सर्किट बोर्ड असलेलं काहीही मात्र भंगारवाल्याला नाही म्हणजे नाही, दोनशे रुपये जास्त देत असेल तरी.

४. मग मुंबईत द्यायचं कुठे ते सांगा ना एकदाचं.

रस्ते तीन-चार आहेत, सोयीचा तो धरा.

एक, कंपनीला परत. मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन बनवणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर अगदी तळाला बारीक अक्षरात ई-कचऱ्याची लिंक असते, तिथे टोल फ्री नंबर किंवा जवळचं कलेक्शन सेंटर सापडतं. ही मेहरबानी नाही हं. विकलेल्या मालाच्या ठरावीक टक्के मालाचं रिसायकलिंग करून घेणं कंपन्यांवर बंधनकारक आहे, २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढची दोन वर्षं ७० आणि २०२७-२८ पासून ८०.

दोन, थेट रिसायकलर. मुंबईत त्यांची ऑफिसं असतात, कारखाने बहुतेक वसई, भिवंडी, तळोजा अशा बाजूला. माल बऱ्यापैकी असेल तर घरून नेतात, एका इस्त्रीसाठी कोणी टेम्पो पाठवणार नाही.

तीन, मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत, काही मॉल्समध्ये आणि कॉलेजांत ठेवलेले डबे. मोबाईल, चार्जर, केबल यांच्यासाठी चांगले. डबा आहे म्हणजे आतलं बरोबर जागी जातंच असं नाही, तो कोण उचलतो हे डब्यावर लिहिलेलं असायला हवं.

चार, सोसायटीची ड्राइव्ह, म्हणजे सगळ्या घरांचा माल एका दिवशी गोळा करून एकदम रिसायकलरला देणं, आणि माझ्या मते घरगुती मालासाठी हाच उत्तम मार्ग. कशी करायची ते प्रश्न २० मध्ये.

५. रिसायकलर खरा आहे की नुसता बोर्ड लावून बसलाय, कसं ओळखायचं?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलर आणि रिफर्बिशर (जुनी वस्तू दुरुस्त करून परत वापरात आणणारे) यांची यादी आहे, नाव तिथे शोधा. आपल्याकडचं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्यातल्या युनिटना परवानगी देतं, त्या परवानगीची कॉपी मागा आणि मुदत तपासा. खरा माणूस लगेच पाठवतो. कारखाना कुठे आहे विचारल्यावर जो "तुम्ही टेन्शन नका घेऊ" म्हणतो त्याचं टेन्शन घ्या.

अजून एक, नुसतं गोळा करणारे पण बरेच आहेत, एनजीओ, स्टार्टअप, ॲपवाले. त्यांच्याकडे स्वतःचा कारखाना नसणं हा गुन्हा नाही, पण ते पुढे कोणाला देतात ते नाव त्यांनी सांगायला पाहिजे, आणि मग ते नाव यादीत शोधायचं.

६. पैसे मिळतात का? की उलट मीच द्यायचे?

दोन्ही होतं. लॅपटॉप, मोबाईल, वॉशिंग मशीन, एसी यांचे थोडे पैसे मिळतात, वजनावर किंवा नगावर, आणि ते भंगारवाल्यापेक्षा कमी असू शकतात कारण रिसायकलरला गॅस काढायचा, पारा सांभाळायचा खर्च आहे, जो भंगारवाल्याला नाही. ट्यूब, सेल, डबा टीव्ही यांचे मिळत नाहीत, कधी वर द्यावे लागतात. लिफ्ट नसलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरून फ्रिज उतरवायचा असेल तर हमालीचं आधीच बोलून घ्या, टेम्पो खाली उभा राहिल्यावर ती चर्चा महाग पडते.

७. दिवाळीत एक्सचेंज ऑफरमध्ये जुना टीव्ही दिला. म्हणजे रिसायकल झाला ना?

सांगता येत नाही. एक्सचेंज ही विक्रीची स्कीम आहे. चालू वस्तू बहुतेक सेकंडहँड बाजारात जाते आणि ते चांगलंच आहे, वस्तू आणखी काही वर्षं वापरली जाते. बंद वस्तू कुठे जाते ते दुकानावर आणि डिलिव्हरीवाल्या टेम्पोवर अवलंबून. एक गोष्ट नक्की करा, वस्तू डिलिव्हरीच्या वेळी नेतात तेव्हा बिलावर जुन्या वस्तूची नोंद आहे का बघा. दुकानदाराला "हे पुढे कोणाकडे जातं?" असं विचारायला लाजू नका, दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर त्याला उत्तर शोधावंच लागेल.

८. वस्तू चालू आहे, फक्त आम्हाला नकोय. मोडीत काढायची का?

अजिबात नको. दुरुस्ती आणि परत वापर नेहमी रिसायकलिंगच्या आधी. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला अजून असे कारागीर बसतात जे बोर्डावरचा एक कपॅसिटर बदलून टीव्ही चालू करून देतात, सर्व्हिस सेंटरने अख्खा बोर्ड बदलायला सांगितलेला असताना. त्यांना आधी दाखवा. विकायची नसेल तर कामवाल्या मावशींना, वॉचमनला, ओळखीच्या शाळेला विचारा, पण विचारा, गळ्यात मारू नका. दहा वर्षांचा कॉम्प्युटर संस्थेला "दान" केला की त्यांचीच अडचण होते, तो चालत नाही आणि टाकायची जबाबदारी त्यांच्यावर.

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ, टेपरेकॉर्डर, फिल्म कॅमेरा असलं काही असेल तर थांबा, त्याला शौकीन गिऱ्हाईक असतं, चोर बाजारात एक चक्कर मारून या.

९. कंपनीच बंद पडलीय / चायना माल आहे, बिल पण नाही. घेतील का?

घेतील. रिसायकलरला ब्रँडशी देणंघेणं नाही, त्याला आतल्या मालाशी आहे. बिल लागत नाही, मोबाईलच्या बाबतीत मात्र प्रश्न १५ वाचा.

१०. मागे पोट असलेला जुना डबा टीव्ही माळ्यावर पडलाय, भंगारवाला पण नको म्हणतो. काय करू?

तो नको म्हणतो हेच बरं. आतल्या पिक्चर ट्यूबची काच शिसं घालून बनवलेली असते, मागचा नरसाळ्यासारखा भाग जास्त. पूर्वी ही काच नव्या पिक्चर ट्यूब बनवायला परत वापरायचे, आता डबा टीव्ही कोणी बनवत नाही, त्यामुळे काचेला गिऱ्हाईकच उरलं नाही. जे घेतात ते ट्यूबच्या मानेवरचं तांब्याचं वेटोळं काढतात आणि ट्यूब फेकून देतात, मिठी नदीच्या काठाने कधी चालला असाल तर बघितली असेल.

तुम्ही एवढंच करा, टीव्ही फोडू नका आणि मागचं झाकण उघडू नका. प्लग काढून ठेवला तरी आत जोराचा झटका देण्याइतका करंट साठलेला राहू शकतो. रिसायकलरला एकटा टीव्ही देऊ केला तर कां-कूं करतो, पण दोन लॅपटॉप आणि एका वॉशिंग मशीनबरोबर दिला की घेतो, म्हणून सोसायटीच्या लॉटमध्ये घाला.

तशी पातळ एलसीडी पण सगळी निर्धोक नसते, एलईडी यायच्या आधीच्या एलसीडीत पडद्यामागे बारीक ट्यूब असतात आणि त्यांत पारा असतो. तीही न फोडता, अख्खी द्यायची.

११. फ्रिज आणि एसीचं एवढं काय विशेष? लोखंडच तर आहे.

लोखंडाचं काही नाही, गॅसचं आहे. खूप जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ असायचा, ओझोनचा थर खाणारा, आणि त्याच्या दाराच्या-भिंतीच्या फोममध्ये पण त्याच जातीचा गॅस भरलेला. जुन्या एसीत आर-२२, तो ओझोनला पण वाईट आणि हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १,८०० पट. नंतर आलेला आर-४१०ए ओझोनला काही करत नाही पण हवा तापवण्यात त्याच्यापेक्षाही थोडा पुढेच. नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, तो या दोन्ही बाबतीत बरा पण पेट घेणारा, म्हणजे जिन्याखाली बसून कोणी गॅस कटरने पाइप कापायला लागला तर त्याला अडवायचं.

भंगारवाल्याला फ्रिजमधलं हवं असतं ते कॉम्प्रेसर, त्यात तांबं असतं. तो पाइप कापतो, फुस्स आवाज येतो, संपलं. तो फुस्स म्हणजेच सगळा प्रश्न.

स्प्लिट एसी काढायला येणाऱ्या टेक्निशियनला "पंप डाऊन करून काढ" असं सांगा. यात एसी चालू ठेवून सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतात आणि व्हॉल्व्ह बंद करतात. येणाऱ्याला हे माहीत असतंच, फक्त वेळ वाचवायला काही जण नट सैल करून गॅस सोडून देतात. कॉम्प्रेसरच बंद असेल तर पंप डाऊन होत नाही, मग गॅस काढून घ्यायचं मशीन आणि सिलेंडर असलेला माणूस लागतो, रिसायकलरला हे आधी सांगा. विंडो एसी सीलबंद असतो, तो तसाच अख्खा द्यायचा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, पुसून, उभाच न्यायचा, आणि न्यायला वेळ असेल आणि तो पॅसेजमध्ये ठेवलाय तर दाराला दोरी बांधा, लहान मुलं आत शिरतात.

१२. ट्यूबलाइट आणि सीएफएल कुठे टाकायच्या? आणि फुटली तर?

दोन्हींत पारा असतो, अगदी काही मिलिग्रॅम, पण तो फुटल्यावर हवेत जातो. एकेक टाकायच्या ऐवजी नव्या ट्यूबच्या पुठ्ठ्यात उभ्या साठवा आणि ड्राइव्हला द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत सीएफएल बल्ब, ट्यूब, सेल यांना घरगुती घातक कचरा म्हटलं होतं, हे ओल्या-सुक्यात मिसळायचेच नाहीत. एलईडी बल्बमध्ये पारा नसतो, पण आत सर्किट असतं, म्हणून तो पण ई-कचराच.

फुटली तर घाबरू नका. पोरांना बाहेर काढा, एसी बंद, खिडकी उघडा, दहा-पंधरा मिनिटं खोलीत जाऊ नका. मग जाड कागदाने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत. झाडू नको आणि व्हॅक्यूम क्लीनर तर बिलकूल नको, तो पारा घरभर उडवतो.

१३. रिमोटचे, घड्याळाचे सेल? आणि इन्व्हर्टरची मोठी बॅटरी?

बॅटऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत, बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२, आणि त्यात ग्राहकाने पण बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून गोळा करणाऱ्याला किंवा रिसायकलरला द्यायची असं स्पष्ट आहे. इन्व्हर्टरची बॅटरी सोपी, नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करतो, तिथेच द्या, आतलं शिसं त्याला हवंच असतं. त्यातलं ॲसिड मोरीत ओतून "हलकी" करून देऊ नका, लोक करतात असं.

पेन्सिल सेल प्लॅस्टिकच्या बरणीत साठवा. चपटे बटण सेल मुलांच्या हाताला लागता कामा नयेत, गिळला तर अन्ननलिका जाळतो, लगेच हॉस्पिटल. साठवताना लिथियमच्या आणि बटण सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा.

१४. मोबाईलची / पॉवर बँकेची बॅटरी फुगलीय. स्क्रीन उचलला गेलाय. काय करू?

सगळ्यात आधी चार्जिंग बंद. परत एकदा लावून बघू वगैरे नाही. टोचायची नाही, दाबून बसवायची नाही, सहज निघणारी नसेल तर काढायची पण नाही. घरातलं जळाऊ सामान, गादी, पडदे यांपासून लांब, कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात किंवा मातीच्या कुंडीत ठेवा, बाल्कनीत पण उन्हात आणि पावसात नाही. झाकण गच्च लावू नका. आणि ड्राइव्हची वाट न बघता लगेच सर्व्हिस सेंटर किंवा रिसायकलरला फोन करा, फुगलीय हे आधी सांगा. कुरिअरने पाठवू नका, लोकलमध्ये गर्दीच्या वेळी सॅकमध्ये घालून तर नकोच.

१५. जुना फोन देताना डेटाचं काय? बँक, यूपीआय, फोटो...

क्रमाने करा. बॅकअप घ्या. पेमेंट ॲप्स आणि व्हॉट्सॲप नव्या फोनवर चालू झाल्याची खात्री करा. सिम, मेमरी कार्ड काढा, ई-सिम असेल तर ते पण हलवा. मग सेटिंगमध्ये जाऊन गूगल अकाउंट काढा, आयफोन असेल तर फाइंड माय बंद करा, आणि शेवटी फॅक्टरी रिसेट. अकाउंट न काढता रिसेट मारला तर पुढच्या माणसाला फोन लॉक मिळू शकतो आणि मग चांगला फोन नुसता सुट्या भागांसाठी जातो.

आजकालचे फोन आतला डेटा एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून ठेवतात, रिसेट केल्यावर किल्लीच नष्ट होते, त्यामुळे घरगुती वापराला एवढं पुरतं. फोन कोणालाही देताना आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर, लिहून ठेवा, स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की दिसतो. कोणाला, कधी दिला याची पावती किंवा निदान मेसेज जपून ठेवा, उद्या तो फोन भलत्या हातात सापडला तर उपयोगी पडतं.

१६. फोन चालूच होत नाही, मग पुसू कसा?

शक्य असेल तर बॅटरी किंवा डिस्प्ले तात्पुरता बदलून चालू करून घ्या. नाहीच झाला तर कॉम्प्युटरवरून तुमच्या गूगल किंवा ॲपल अकाउंटमधून ते डिव्हाइस काढून टाका, पासवर्ड बदला, आणि फोन डेटा नष्ट केल्याचं सर्टिफिकेट देणाऱ्या रिसायकलरलाच द्या. हातोडा घेऊन बसू नका, आत बॅटरी आहे, प्रश्न १४ आठवा.

१७. लॅपटॉप फॉरमॅट केला म्हणजे डेटा गेला ना?

नाही गेला. साध्या फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते, फाइली साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर पूर्ण ओव्हरराइट करणारं सॉफ्टवेअर चालवा, मोठ्या डिस्कला रात्रभर लागतं. एसएसडीला (न फिरणारी, चिपवाली डिस्क) ओव्हरराइट भरवशाचं नाही, तिच्यासाठी कंपनीचा सिक्युअर इरेज पर्याय वापरा. हे जमत नसेल तर डिस्क काढून घरी ठेवा आणि बाकी लॅपटॉप द्या, रिसायकलर काही म्हणत नाही. सीएच्या, वकिलाच्या, डॉक्टरच्या मशीनला मी हेच सुचवतो.

१८. यूट्यूबवर बघितलं, बोर्डातून सोनं निघतं. घरी काढता येईल का?

सोनं असतं हे खरं, एक टन मोबाईलमध्ये एक टन खनिजापेक्षा जास्तच असतं. पण तुमच्याकडे टनभर मोबाईल नाहीत, चार आहेत. त्यासाठी नायट्रिक ॲसिडची वाफ घरात घ्यायची आणि उरलेलं ॲसिड बेसिनमध्ये ओतायचं, असला धंदा करू नका. वायरी जाळून तांबं काढण्याचं पण तेच, वरचं पीव्हीसी जळताना डायऑक्सिनसारखे विषारी वायू निघतात. हाताने सोलत असाल तर सोला बापडे.

१९. पाणी भरलं तेव्हा फ्रिज आणि वॉशिंग मशीन भिजलं. टाकून देऊ?

तळमजल्यावाल्यांचा जुलै-ऑगस्टमधला हमखास प्रश्न. २६ जुलै २००५ नंतर रस्त्यारस्त्यावर टीव्ही-फ्रिजचे ढीग लागले होते आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू वाळवून, साफ करून चालल्या असत्या. मेन स्विच बंद करा, प्लग लावून "चालतंय का" बघू नका, टेक्निशियनकडून उघडून साफ करून, पूर्ण वाळल्यावरच चालू करा. इन्शुरन्स असेल तर फोटो काढा आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत वस्तू कोणालाही देऊ नका.

२०. सोसायटीत ड्राइव्ह घ्यायचीय. कुठून सुरुवात करू?

आधी रिसायकलर पक्का करा (प्रश्न ५), मग तारीख. उलटं केलं की सामान क्लब हाऊसमध्ये महिनाभर पडून राहतं आणि सेक्रेटरी तुमच्याशी बोलायचे बंद होतात. टेम्पो यायला किमान किती माल हवा ते त्यालाच विचारा, एका सोसायटीत तेवढा होत नसेल तर शेजारच्या दोन-तीन जोडून घ्या.

वेळ रविवार सकाळ, दिवाळीच्या साफसफाईच्या आधीचे आठवडे सगळ्यात चांगले, तेव्हा माळे रिकामे होत असतात. पावसाळ्यात नको. नोटीस मराठी-हिंदी-गुजराती जी चालते त्यात, आणि त्यात काय घेणार यापेक्षा काय नाही घेणार ते ठळक लिहा, नाहीतर लोक गाद्या आणतात. खरंच आणतात.

माल एका दिवसातच आला पाहिजे आणि त्याच दिवशी गेला पाहिजे. रात्रभर ठेवला की सकाळी तांबं असलेलं सगळं गायब, उरतात ते डबा टीव्ही. सेल, ट्यूब आणि फुगलेल्या बॅटऱ्यांसाठी वेगळी टेबलं, तिथे एक मोठा माणूस बसलेला हवा. फोन-लॅपटॉपची फ्लॅट नंबरसकट नोंद. टेम्पोत भरण्याआधी वजन, पावतीवर रिसायकलरचं नाव, आणि पैसे आले तर ते कशाला वापरायचे हे आधीच मीटिंगमध्ये ठरवून टाका. वॉचमन आणि झाडूवाल्यांना द्या असं मी सुचवतो, एरवी हा माल त्यांच्याच हातून भंगारात जातो आणि ते पैसे त्यांचे असतात, तुमच्या ड्राइव्हने ते बुडवलेले असतात.

२१. माझा क्लास आहे / छोटं ऑफिस आहे. आम्हाला वेगळे नियम लागतात का?

नियमांत "बल्क कन्झ्युमर" म्हणून वर्ग आहे, आर्थिक वर्षात कुठल्याही एका वेळी यादीतल्या (प्रश्न १) किमान १,००० वस्तू ज्यांच्या वापरात होत्या असे. त्यांना ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच द्यावा लागतो. वीस कॉम्प्युटरचा क्लास त्यात येत नाही. तरी पावती घ्याच, जुन्या मशीन हिशेबातून काढताना तुमचा सीए ती मागेल.

२२. वायफायचा राऊटर, सेट टॉप बॉक्स?

आधी तो तुमचा आहे का ते बघा. बरेचदा कंपनीचा असतो, कनेक्शन बंद करताना परत द्यायचा, नाही दिला तर डिपॉझिट जातं. तुमचाच असेल तर रिसेट मारून द्या, आत वायफायचा पासवर्ड असतो.

२३. बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, पाऱ्याचा थर्मामीटर?

पहिली दोन ई-कचऱ्यात, सेल काढून. ग्लुकोमीटरच्या सुया आणि पट्ट्या त्यात घालू नका, निवडणाऱ्याच्या हाताला टोचतात, सुया जाड बाटलीत बंद करून दवाखान्यात विचारा. थर्मामीटर ई-कचरा नाही पण पारा आहे, ट्यूबसारखा सांभाळा (प्रश्न १२).

२४. टीव्ही-फ्रिज गावच्या घरी पाठवून देतो, मे महिन्यात जातोच आम्ही. चालेल?

चालू असेल आणि गावाला कोणी वापरणार असेल तर खुशाल. पण कोकणातल्या कितीतरी बंद घरांच्या पडवीत मुंबईहून आलेले दोन-दोन डबा टीव्ही बसलेले मी बघितलेत, कारण "टाकवत नाही" म्हणून ते गावाला धाडलेले असतात. तिथे रिसायकलर नाही, टेम्पो नाही, खारी हवा मात्र आहे, पत्रा गंजतो आणि शेवटी कोणीतरी परसात फोडतो. तेव्हा बंद वस्तू पाठवू नका, आणि चालू पाठवलेली बंद पडली की येताना गाडीत घालून परत आणा, आंब्याच्या पेट्यांना जागा कमी पडली तर पडली.